किती डोस, किती पेले, किती अळ्या?

विषारी पदार्थाची मात्रा वाढवत नेली की परिणाम कसा वाढतो, हे मोजणाऱ्या प्रयोगांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी सहा या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा सूर सारखाच आहे: प्रयोग झाला, आकडे हातात आहेत, आता कोणती चाचणी लावू? अडचण मात्र बहुतेक वेळा पहिला पेला भरण्याआधीच झालेली दिसते, म्हणून उत्तरांचा भर तिथे आहे.

प्रश्न : सीताफळाच्या बियांचा अर्क मी एडिस इजिप्टाय डासाच्या अळ्यांवर तपासला. २०, ४०, ६०, ८० आणि १०० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) असे पाच डोस, प्रत्येकी २५ अळ्या. २० पीपीएमला २१ मेल्या, ४०पासून पुढे सगळ्याच. सॉफ्टवेअरने एलसी-५० (निम्म्या अळ्या मारणारी मात्रा) दिला, पण त्याच्या खालच्या-वरच्या मर्यादा छापल्याच नाहीत. काय चुकलं?
– एम.एस्सी. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : पाच डोस घेतलेत, पण बोलला एकच. ४०पासून पुढच्या चारही डोसांनी ‘सगळ्या मेल्या’ एवढंच चार वेळा सांगितलं. डोस आणि मृत्यू यांच्या वक्राला दोन गोष्टी लागतात: त्याचा मध्य, म्हणजे एलसी-५०, आणि त्याचा चढ. तुमच्या आकड्यांत चढाबद्दल काहीच माहिती नाही. चढ जितका तीव्र धरावा तितके हे आकडे जास्तच जुळत जातात, त्यामुळे संगणक चढ वाढवत नेतो आणि कुठेतरी थकून थांबतो. तो जिथे थांबला, तिथला एलसी-५० तुम्हाला मिळाला. तो २०च्या किंचित खाली असेल, पण तो अर्काचा गुणधर्म नाही, संगणकाच्या थांबण्याचा आहे. मर्यादा छापल्या नाहीत, हे त्या सॉफ्टवेअरने प्रामाणिकपणे केलं.

मूळ चूक डोसांच्या अंतरात आहे. २०, ४०, ६० ही अंकगणिती श्रेढी झाली. जिवांचा प्रतिसाद मात्र साधारणपणे डोसाच्या लॉगवर (लॉगॅरिथमवर) सरळ चालतो. १९३४ साली ब्लिस यांनी मांडलेली प्रॉबिटची, म्हणजे मृत्यूंची टक्केवारी सरळ रेषेत बसवण्याची, रीतही त्याच पायावर आहे. लॉगच्या नजरेने पाहा: २०वरून ४०वर जाणं म्हणजे दुप्पट, ८०वरून १००वर जाणं म्हणजे जेमतेम सव्वापट. वरच्या टोकाला गर्दी आणि खालच्या टोकाला मोकळं रान. डोस नेहमी भूमितीय श्रेढीत घ्या, म्हणजे प्रत्येक डोस आधीच्याच्या ठरावीक पट.

ती पट किती, हे चाचपणी केल्याशिवाय ठरत नाही. आधी १, १० आणि १०० पीपीएम, प्रत्येकी १० अळ्या, चोवीस तास. ही चाचपणी अर्ध्या तासात मांडून होते; ती टाळल्यामुळे वाया गेलेले प्रयोग फार आहेत. समजा १ला एकही मेली नाही, १०ला तीन मेल्या, १००ला सगळ्या. तुमच्याकडे २० पीपीएमला ८४ टक्के ही माहिती आधीच आहे. १०ला ३० टक्के आणि २०ला ८४ टक्के, यांतून एलसी-५० अंदाजे १२ ते १३ पीपीएमजवळ येतो आणि चढ बराच उभा निघतो: दहा टक्के मरणारा डोस ७च्या आसपास, नव्वद टक्क्यांचा २३च्या आसपास. म्हणजे सगळी गोष्ट तिपटीच्या थोड्या पुढे संपते. इथे दुपटीच्या पायऱ्या घेतल्या तर मधे दोनच डोस सापडतील. म्हणून १.४ची पट घ्या: ५, ७, १०, १४, २०, २८ पीपीएम. अंदाज बरोबर असेल तर मृत्यू साधारण ३, १०, ३०, ६०, ८५ आणि ९५ टक्के येतील. अंदाज थोडा चुकला तरी चार डोस कामाचे उरतील, आणि सहा डोस घेण्याचं खरं कारण तेच आहे.

द्रावणं करताना आणखी एक खड्डा आहे. एकाच मूळ द्रावणाचे कमी-जास्त थेंब पेल्यात टाकले की डोसाबरोबर ॲसिटोन किंवा अल्कोहोलही वाढतं, आणि मग अळ्या कशाने मेल्या ते सांगता येत नाही. प्रत्येक पेल्यात सॉल्व्हंट (अर्क विरघळवणारा द्रव) सारखंच पडलं पाहिजे. ९८ मिलिग्रॅम पूर्ण वाळवलेला अर्क ७ मिलिलिटर सॉल्व्हंटमध्ये विरघळवा. हे झालं मिलिलिटरला १४ मिलिग्रॅमचं द्रावण. त्यातलं ०.२ मिलिलिटर १०० मिलिलिटर पाण्यात टाकलं की २८ पीपीएम. आता त्याच द्रावणातून ५ मिलिलिटर घेऊन सॉल्व्हंटने ७ मिलिलिटर करा. ५ भागिले ७ म्हणजे १.४ने विरळ. असं पाच वेळा केलं की सहा द्रावणं तयार, आणि प्रत्येकातून ०.२ मिलिलिटरच टाकायचं. उरलेल्या २ मिलिलिटरमध्ये चार पेले आरामात होतात. सॉल्व्हंट कंट्रोलमध्येही (म्हणजे अर्क न घातलेल्या, तुलनेच्या पेल्यातही) तेवढंच ०.२, आणि नुसत्या पाण्याचा कंट्रोल वेगळा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अळीनाशक चाचणीत तिसऱ्या अवस्थेच्या शेवटच्या किंवा चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीच्या अळ्या घेतात, पेल्याला २५, प्रत्येक डोसाला निदान चार पेले आणि तेवढेच कंट्रोल. पाण्याची खोली ५ ते १० सेंटिमीटर, तापमान २५ ते २८ अंश. मरणासन्न अळ्या, म्हणजे टोचलं तरी पृष्ठभागापर्यंत येऊ न शकणाऱ्या, मेलेल्यांत धरतात. कंट्रोलमधल्या १० टक्क्यांहून जास्त अळ्यांचे कोष झाले तर तो प्रयोग टाकून द्यायचा, कारण कोष काही खात नाही आणि विषाला वेगळाच प्रतिसाद देतो.

बियांच्या अर्कात तेल असतं, हेही लक्षात ठेवा. १०० पीपीएमला पाण्यावर तवंग दिसला होता का? अळी पृष्ठभागावर येऊन श्वासनळीने हवा घेते. तवंगाने ती नळी बुजली तर अळी गुदमरून मरते, आणि तुम्ही त्या मृत्यूला विषाचा परिणाम म्हणून मोजता. तवंग किंवा गढूळपणा दिसलेला डोस वक्रात घेऊ नका.

प्रश्न : चार पेल्यांत प्रत्येकी २५ अळ्या म्हणजे एका डोसाला १०० अळ्या. पण आमच्या विभागातले संख्याशास्त्राचे सर म्हणतात, तुमचं एन (स्वतंत्र नोंदींची संख्या) १०० नाही, चार आहे. कोण बरोबर?
– पीएच.डी. संशोधक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सर खऱ्याच्या जास्त जवळ आहेत. डोस अळीला दिला जात नाही, पेल्याला दिला जातो. एका पेल्यात पिपेट किंचित जास्त सुटलं, एखादी अळी आधीच मरून पाणी खराब झालं, पेला खिडकीजवळ राहून तापला, तर त्या पंचवीसही जणींचं नशीब एकत्रच बदलतं. त्या एकमेकींपासून स्वतंत्र साक्षीदार नाहीत. प्रयोगाचं एकक म्हणजे ज्याला डोस स्वतंत्रपणे मिळाला ते. माशांच्या चाचणीत टाकी, गाभण उंदरांच्या अभ्यासात पिल्लू नव्हे तर मादी आणि तिची सगळी वीण. १९८४ साली हर्लबर्ट यांनी पर्यावरणशास्त्रातल्या अशा चुकीला नाव दिलं, छद्म-प्रतिकृती, आणि ती आजही प्रबंधांत सर्रास सापडते.

पण चार म्हणणंही थोडं जास्त कडक आहे. पेल्यातल्या अळ्यांमधलं साम्य किती, यावर ते अवलंबून असतं. साम्याचा गुणांक ०.०५ इतका लहान धरला तरी पेल्याला २५ अळ्या असताना विचरण १ + २४ × ०.०५, म्हणजे २.२ पट फुगतं. तुमच्या १०० अळ्यांचं वजन तेव्हा ४५ स्वतंत्र अळ्यांइतकं उरतं. साम्य ०.२ असेल तर फुगवटा ५.८, आणि १००च्या जागी फक्त १७. म्हणूनच पेल्यात अळ्या वाढवण्यापेक्षा पेले वाढवणं नेहमी फायद्याचं.

आकडेमोड करताना प्रत्येक पेला स्वतंत्र ओळ म्हणून भरा. चार पेल्यांची बेरीज करून एक ओळ कधीही करू नका. सहा डोस आणि चार पेले म्हणजे २४ ओळी, दोन अज्ञात, म्हणून २२ मुक्तांश, म्हणजे अज्ञात काढून झाल्यावर उरलेल्या स्वतंत्र नोंदी. समजा काय-वर्ग, म्हणजे वक्र आणि आकडे यांतली तफावत मोजणारा आकडा, ३८ आला. ३८ भागिले २२ म्हणजे १.७३. हा आकडा १च्या आसपास असता तर अळ्या खरोखर स्वतंत्र वागल्या असं म्हणता आलं असतं. इथे प्रत्येक प्रमाणित त्रुटीला १.७३च्या वर्गमुळाने, म्हणजे १.३ने गुणायचं आणि मर्यादा काढताना १.९६ऐवजी २२ मुक्तांशांचा टी-वितरणातला आकडा, २.०७, वापरायचा. आर या भाषेत क्वासी-बायनोमियल निवडलं की पहिली गोष्ट आपोआप होते. मात्र फुगवटा खूपच मोठा, चार-पाच पट, दिसला तर आधी वक्राचा आकार पाहा: सगळे पेले एका डोसाला वक्राच्या वर आणि दुसऱ्याला खाली असतील तर दोष विखुरलेपणाचा नाही, चुकीचा वक्र बसवल्याचा आहे.

पेल्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. एका डोसाचे चारही पेले एकाच फळीवर ठेवले की फळीचं तापमान आणि डोस कायमचे एकमेकांत मिसळतात. त्यांना वेगळं करणारी कुठलीही चाचणी अस्तित्वात नाही. मोजणाऱ्याला डोस कळू नये म्हणून पेल्यांवर नुसते क्रमांक घाला. मरणासन्न कोणाला म्हणायचं, इथे हाताचा कल पटकन शिरतो.

आणि अळ्या कमी असतील तर पेल्यातल्या अळ्या कमी करा, पण दिवस कमी करू नका. तोच प्रयोग नव्या द्रावणांनी, नव्या घाण्यातल्या अळ्यांवर तीन वेगवेगळ्या दिवशी झाला पाहिजे. दिवसादिवसातला फरक हा पेल्यापेल्यातल्या फरकापेक्षा बहुधा मोठा असतो, आणि तुमचा निष्कर्ष त्या एका मंगळवारापुरता नाही हे दुसऱ्या कशाने सिद्ध होत नाही.

प्रश्न : कंट्रोलमध्ये १२ टक्के अळ्या मेल्या. ॲबटच्या सूत्राने दुरुस्त करून पुढे जाऊ का?
– प्रकल्प सहायक, नागपूर

उत्तर : जाता येईल, पण आधी त्या का मेल्या ते शोधा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हे पहिलं कारण. पाणी उघड्या भांड्यात निदान चोवीस तास ठेवा किंवा सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन घालवा. दुसरं, गाळणीने उचलताना दुखावलेल्या अळ्या. मांडणीनंतर थोड्या वेळाने पाहून त्या बदला. तिसरं, सॉल्व्हंट. नुसत्या पाण्यात २ टक्के आणि सॉल्व्हंट कंट्रोलमध्ये १२ टक्के असतील तर उत्तर तिथेच मिळालं.

ॲबट यांचं १९२५चं सूत्र सोपं आहे: डोसातल्या मृत्यूंतून कंट्रोलचे वजा करा आणि कंट्रोलमध्ये जगलेल्यांच्या प्रमाणाने भागा. डोसाला ४० टक्के आणि कंट्रोलला १२ टक्के असतील तर २८ भागिले ८८, म्हणजे ३१.८ टक्के. ५ टक्क्यांपर्यंत दुरुस्तीची गरज नाही, ५ ते २० टक्क्यांना दुरुस्ती, २०च्या वर प्रयोग बाद, असा अळीनाशक चाचणीतला संकेत आहे. मासे आणि डॅफ्निया (पाण्यातला चिमुकला कवचधारी जीव) यांच्या तीव्र चाचण्यांत ही मर्यादा १० टक्क्यांवरच संपते.

मात्र दुरुस्त टक्केवारी परत अळ्यांच्या संख्येत बदलून प्रॉबिटमध्ये भरू नका. कंट्रोलचा १२ हा आकडा स्वतःच अंदाज आहे, त्याची अनिश्चितता या आकडेमोडीत गायब होते. शिवाय खालच्या डोसांना उत्तर ऋण येतं आणि लोक ते शून्य करून टाकतात, त्यामुळे वक्र खालच्या बाजूला खोटा उभा होतो. त्याऐवजी कच्चे आकडे द्या आणि नैसर्गिक मृत्यू हा तिसरा अज्ञात म्हणून वक्राबरोबरच काढा. त्यासाठी कंट्रोलचे पेले डोसांच्या पेल्यांपेक्षा जास्त ठेवावेत; चारऐवजी आठ.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत सांडपाण्यातल्या रसायनांच्या डॅफ्निया चाचण्या होतात. १० मिलिग्रॅम प्रतिलिटरला २०पैकी एकही डॅफ्निया निश्चल झाली नाही, २२ला तीन झाल्या. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने सार्थ नाही. म्हणून अहवालात ‘२२पर्यंत परिणाम नाही’ असं लिहिलं. ग्राहकाच्या सल्लागाराने हरकत घेतली. तिच्यात तथ्य आहे का?
– विश्लेषक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : पूर्ण तथ्य आहे. हा अहवाल कृपा करून बदला.

कंट्रोलला २०पैकी शून्य असताना फिशरच्या नेमक्या चाचणीने दोन्ही बाजूंचा फरक सार्थ ठरायला डोसाच्या बाजूला किती निश्चल व्हाव्या लागतात? पाच. चार झाल्या तरी पी (एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.११ येतो, पाच झाल्या तरच ०.०४७. म्हणजे तुमची मांडणी चारांतली एक डॅफ्निया लोळेपर्यंत काही बोलणारच नव्हती. वीस टक्के परिणाम तिच्या डोळ्यांसमोरून निघून जातो. आणि १० मिलिग्रॅमचं ते शून्य? २०पैकी शून्य पाहिल्यावर खरा दर ९५ टक्के खात्रीने १४ टक्क्यांपेक्षा कमी आहे, एवढंच म्हणता येतं. दहापैकी शून्य असतं तर २६ टक्के; पन्नासपैकी शून्य असतं तर ६ टक्के. शून्य हा आकडा एकटा कधी लिहू नये, त्याच्या शेजारी तो कितीपैकी आहे आणि वरची मर्यादा किती हे आलं पाहिजे.

‘परिणाम न दिसलेली सर्वात मोठी मात्रा’, जिला सगळे नोएक म्हणतात, तिचा दोष इथेच आहे. ती तुम्ही निवडलेल्या डोसांपैकीच एक असू शकते, आणि जितका प्रयोग लहान व ढिसाळ तितकी ती मोठी, म्हणजे पदार्थ तितका निरुपद्रवी दिसतो. काळजीपूर्वक काम करणाऱ्या प्रयोगशाळेलाच त्याची शिक्षा होते. त्याऐवजी वक्र बसवून ईसी-१०, म्हणजे दहा टक्के परिणामाची मात्रा, आणि त्याच्या मर्यादा द्या. मानवी आरोग्याच्या मूल्यमापनात हीच कल्पना क्रम्प यांनी १९८४ साली मांडलेल्या बेंचमार्क डोसाच्या रूपाने आली. तिथे ठरवलेल्या परिणामाच्या डोसाची खालची मर्यादा वापरतात, म्हणजे लहान प्रयोग आपोआप सावध आकडा देतो, नोएकच्या बरोबर उलट.

ईसी-१० हवा असेल तर डोसही तिथे हवेत. डॅफ्निया मॅग्नाच्या ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) २०२ चाचणीत निदान पाच डोस, २.२पेक्षा मोठी पट नको, प्रत्येकी २० पिल्लं, शक्यतो पाच-पाचच्या चार चंचुपात्रांत, २४ तासांहून लहान, ४८ तास. ही मांडणी ईसी-५० साठी पुरते. खालच्या टोकासाठी मात्र ५ आणि २० टक्क्यांच्या दरम्यान दोन जास्तीचे डोस घाला. वरच्या, शंभर टक्के परिणाम देणाऱ्या डोसांतून पात्रं काढून खाली द्या. शैवालांसारख्या वाढ मोजणाऱ्या चाचण्यांत प्रत्येक डोसाची कंट्रोलशी तुलना करायचीच असेल, तर कंट्रोलच्या प्रतिकृती डोसांच्या संख्येच्या वर्गमूळपट घ्याव्यात. पाच डोसांना २.२ पट. ओईसीडी २०१ मध्ये डोसाला तीन फ्लास्क आणि कंट्रोलला सहा असतात, ते याच्या जवळ बसतं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण विचारावी लागेल: १० आणि २२ हे मोजलेले आकडे आहेत की ओतलेले? काही पदार्थ काचेला चिकटतात, उडून जातात, प्रकाशात मोडतात. सुरुवातीला आणि शेवटी मोजा. ठरवलेल्या मात्रेपासून २० टक्क्यांहून दूर गेले असतील तर मोजलेल्या मात्रांवरच हिशेब करा. सुरुवातीला ८ आणि शेवटी २ असेल तर साधी सरासरी ५ नव्हे, भूमितीय मध्य ४ घ्यावा. डोसच चुकीचा असेल तर त्यापुढचा सारा हिशेब व्यर्थ आहे.

प्रश्न : ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये पेशींवर एका संयुगाचा आयसी-५० (निम्मा परिणाम करणारी मात्रा) तीन आठवड्यांत १२, ३० आणि १८ मायक्रोमोलर आला. प्रत्येक वेळी डोसाला तीन-तीन खळ्या होत्या आणि प्रत्येक वक्र सुंदर होता. सरासरी २० लिहू का?
– औषधनिर्माण संशोधक, पुणे

उत्तर : आयसी-५०ची सरासरी लॉगवर काढा. १२, ३० आणि १८ यांचा भूमितीय मध्य १८.६ येतो. आता मर्यादा: नैसर्गिक लॉगवर प्रमाणित विचलन ०.४६, तीन आठवडे म्हणून दोन मुक्तांश आणि टी ४.३. मर्यादा येतात ६ ते ५८. धक्का बसेल, पण एवढंच तुम्हाला माहीत आहे. एकाच प्लेटमधल्या तीन खळ्या म्हणजे तीन स्वतंत्र नोंदी नव्हेत, आणि सगळ्या मिळून नऊही नव्हेत. आठवडे तीन आहेत. विखुरलेपणा तेवढाच राहिला आणि सहा आठवडे झाले, तर मर्यादा ११.५ ते ३० पर्यंत जवळ येतील. इथे तीनावरून सहावर जाण्याने जो फायदा होतो तो खळ्या दसपट करूनही होणार नाही.

आठवड्यांमधला फरक कमी करण्यासाठी दोन ठिकाणं आधी तपासा. काठावरच्या ३६ खळ्यांतून बाष्पीभवन जास्त होतं. त्यांत नुसतं बफर भरा आणि आतल्या ६०च वापरा. दुसरं ठिकाण म्हणजे पायरीपायरीने केलेलं विरलीकरण. १०० मायक्रोलिटरऐवजी दर वेळी १०३ उचलले गेले तर सात पायऱ्यांनी शेवटची खळी ठरल्यापेक्षा जवळजवळ ११ टक्के तीव्र होते. टिप न बदलता पुढे गेलात तर टिपेला चिकटलेलं द्रावण सोबत जातं आणि चूक याच्या कितीतरी पट वाढते. वक्र तरीही सुंदरच दिसतो, कारण सगळे बिंदू एकाच दिशेने सरकतात. सुंदर वक्र म्हणजे प्लेटच्या आत गडबड नव्हती एवढंच. प्लेट खरी आहे का ते तो सांगत नाही. डीएमएसओचं (संयुग विरघळवणाऱ्या द्रवाचं) प्रमाण सर्व खळ्यांत सारखं ठेवा, पेशींच्या प्रकाराप्रमाणे सहन होईल इतकंच.

शेवटचं म्हणजे वक्राचा तळ. सर्वात मोठ्या डोसाला पेशी ३५ टक्क्यांवर स्थिरावत असतील, तर चार अज्ञातांच्या (माथा, तळ, मध्य आणि चढ) वक्राचा आयसी-५० हा १०० आणि ३५च्या मधला, म्हणजे साडेसदुसष्ट टक्के जिवंत असतानाचा डोस असतो. खऱ्या ५० टक्क्यांचा डोस त्याहून मोठा. आणि तळ दिसेपर्यंत डोस नेलाच नसेल, तर संगणक तळ स्वतः कल्पून घेतो आणि आयसी-५० त्या कल्पनेबरोबर हलतो. तुमचा फरक इथूनच आला असण्याची शक्यता बरीच आहे. तिन्ही आठवड्यांचे तळ शेजारी ठेवून पाहा.

प्रश्न : एलडी-५० (निम्मे प्राणी मारणारी मात्रा) काढायला पन्नास-साठ उंदीर लागतात असं जुन्या पुस्तकांत आहे. अजूनही तसंच करावं लागतं का? आणि आदर्श आखणीच्या सिद्धान्तानुसार दोनच डोस पुरतात, हे खरं का?
– संख्याशास्त्राचे अध्यापक, पणजी

उत्तर : पहिल्याचं उत्तर ठामपणे ‘नाही’ असं आहे, आणि याचं समाधान वाटतं. १९२७ साली ट्रेव्हन यांनी एलडी-५० मांडला तेव्हा औषधांच्या घाण्यांची शक्ती जुळवून पाहण्यासाठी नेमका आकडा हवा होता. रसायनांवर लेबल लावायला इतक्या नेमकेपणाची गरज कधीच नव्हती. ओईसीडीने जुनी ४०१ क्रमांकाची पद्धत २००२ साली काढून टाकली. आता ४२०, ४२३ आणि ४२५ आहेत.

४२५ ही संख्याशास्त्रज्ञाला आवडेल अशी आहे. एका वेळी एकच प्राणी. विषाबद्दल काही माहिती नसेल तर सुरुवात १७५ मिलिग्रॅम प्रतिकिलोपासून. साधारण ४८ तास पाहायचं. जगला तर पुढच्याला ३.२ पट जास्त, मेला तर ३.२ पट कमी. ३.२ म्हणजे दहाच्या लॉगवरची अर्धी पायरी. डोस आपोआप एलडी-५०च्या आजूबाजूला वरखाली होत राहतात, त्यामुळे प्रत्येक प्राणी माहितीच्या दृष्टीने सर्वात दाट जागी पडतो. सहा सलग प्राण्यांत पाच वेळा दिशा उलटली, किंवा वरच्या मर्यादेला सलग तीन जगले, की थांबायचं. बहुधा सहा ते दहा प्राण्यांत काम होतं. याची किंमत म्हणजे चढ मिळत नाही, आणि उशिरा, पाच किंवा जास्त दिवसांनी, मारणाऱ्या विषांना ही पद्धत चालत नाही. प्राणी नैतिकता समितीची मान्यता आधी लागतेच, आणि समितीपुढे प्राण्यांच्या संख्येचं समर्थन याच हिशेबाने द्यावं.

दोन डोसांचं म्हणणं गणिताने खरं आहे. लॉजिस्टिक वक्राचे दोन्ही अज्ञात सर्वात अचूक मिळण्यासाठी निम्मे प्राणी १७.६ टक्के प्रतिसादाच्या डोसाला आणि निम्मे ८२.४ टक्क्यांच्या डोसाला द्यावेत. प्रॉबिटला हेच आकडे १२.८ आणि ८७.२. पण ते डोस कुठे आहेत हे कळण्यासाठी वक्र आधीच माहीत हवा, आणि वक्र माहीत असता तर प्रयोगच नको होता. शिवाय दोन बिंदूंतून कोणताही वक्र जातो. आकार चुकला आहे हे कळायला जागाच राहत नाही. कमी डोसाला वाढ थोडी सुधारणारे पदार्थ असतात, तो फुगवटा दोन डोसांच्या मांडणीत कधीच दिसणार नाही.

विद्यार्थ्यांना वर्गात हे शिकवताना कोल्हापूरच्या विद्यार्थिनीचे सहा डोस फळ्यावर घ्या. ७ आणि २० पीपीएम हे जवळजवळ तेच १७.६ आणि ८२.४चे शेजारी आहेत. त्यांना सहा-सहा पेले, ५, १०, १४ आणि २८ला तीन-तीन. एकूण पेले २४च राहतात, चढाची अचूकता वाढते, आणि वक्राच्या आकाराची तपासणीही हातात राहते.